लिनक्सची नवी आवृत्ती आणि जुना लॅपटॉप : ड्रायव्हरच्या आधाराचा विचार

लॅपटॉपवरील लिनक्सची आवृत्ती बदलताच यंत्राचा एखादा भाग निकामी झाल्यासारखा वाटावा, हा अनुभव संगणक वापरणाऱ्या अभ्यासकांना अपरिचित नाही. काल ज्या पडद्यावर आलेख स्वच्छ उमटत होता तो आज काळा राहतो. वायफायचा संबंध तुटतो. अथवा दीर्घ गणनेसाठी वापरले जाणारे ग्राफिक्स कार्ड कार्यप्रणालीस दिसेनासे होते. यंत्रात वस्तुतः बिघाड झालेला नसतो. कारण जुनी आवृत्ती पुन्हा घातली की तोच भाग पूर्ववत चालू लागतो. यावरून एक तर लिनक्स ही प्रणालीच कच्ची आहे, किंवा यंत्राचे आयुष्य संपले, असा निष्कर्ष काढण्याकडे प्रवृत्ती असते. हे दोन्ही निष्कर्ष अपुरे आहेत. यंत्राचा एखादा भाग नव्या आवृत्तीत चालेल की नाही, हे त्या भागाच्या वयापेक्षा त्याचा ड्रायव्हर कोणाच्या ताब्यात आहे यावर अधिक अवलंबून असते. विंडोज १० या प्रणालीच्या सर्वसाधारण आधाराची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे, सुस्थितीतील जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घालावे काय, हा प्रश्न आता अधिकच निकडीचा झाला आहे. म्हणून या विषयाची मूलतत्त्वे स्पष्ट करून घेणे उचित ठरेल.

१. गाभ्याच्या दोन सीमा

लिनक्स हे नाव काटेकोरपणे पाहता कार्यप्रणालीच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे आहे. लिनुस तोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकी येथे विद्यार्थिदशेत त्याचा आरंभ केला आणि १९९२ मध्ये तो जीपीएल या परवान्याखाली सर्वांस खुला केला. उबुंटू, डेबियन, फेडोरा इत्यादी वितरणे ही या गाभ्याभोवती इतर आज्ञावली रचून सिद्ध केलेली असतात. गाभ्याचे एक प्रमुख कार्य म्हणजे यंत्राच्या निरनिराळ्या भागांशी व्यवहार करणे. प्रत्येक भागाची भाषा वेगळी असल्यामुळे या व्यवहारासाठी जी दुभाष्यासारखी आज्ञावली लागते तिलाच ड्रायव्हर म्हणतात.

गाभ्याला दोन सीमा आहेत. पहिली सीमा वापरकर्त्याच्या आज्ञावलींकडे असते. या सीमेवरील करार मोडावयाचा नाही, असा लिनक्सचा कडक दंडक आहे. म्हणूनच अनेक वर्षांपूर्वी सिद्ध केलेली आज्ञावली, तिला लागणारी इतर साहित्यसामग्री उपलब्ध असेल तर, आजच्या गाभ्यावरही चालते. दुसरी सीमा आतील बाजूस, गाभा व ड्रायव्हर यांच्या दरम्यान असते. या सीमेवर मात्र कोणताही स्थिर करार केलेला नाही, आणि तो बुद्धिपुरस्सर केलेला नाही. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी या धोरणाचे समर्थन करणारे टिपण लिहिले असून ते गाभ्याच्या सोर्स कोडसोबतच ठेवलेले आहे. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा, की अंतर्गत रचना गोठवली तर जुन्या चुका कायमच्या जपाव्या लागतील. यूएसबीची अंतर्गत रचना निदान तीन वेळा नव्याने करावी लागली, हे उदाहरण त्यांनी दिले आहे.

गाभ्याची नवी आवृत्ती साधारणतः ९-१० आठवड्यांनी निघते. मग एवढ्या वारंवार होणाऱ्या बदलांतून ड्रायव्हर टिकतात कसे? याचे उत्तर एका नियमात आहे. जो कोणी अंतर्गत रचना बदलतो, त्यानेच गाभ्याच्या संग्रहातील सर्व ड्रायव्हर त्या बदलाशी जुळवून द्यावयाचे असतात. घराचे जोते उंचावले तर घरातील चौकटी गवंडीच त्याबरोबर उचलतो. शेजाऱ्याने बाहेरून आणून लावलेली पन्हळ मात्र ज्याची त्याने पुन्हा बसवून घ्यावी लागते. संग्रहातील ड्रायव्हर हा घरातील चौकटीसारखा आहे. निर्मात्याने स्वतःजवळ राखलेला ड्रायव्हर हा त्या पन्हळीसारखा आहे. पहिल्याच्या बाबतीत निर्माती कंपनी उदासीन झाली तरी तो गाभ्याबरोबर पुढे सरकत राहतो. दुसऱ्याच्या बाबतीत कंपनीने हात आखडला की त्याची वाटचाल तेथेच थांबते.

२. तीन उदाहरणे

या तत्त्वाचा प्रत्यय ग्राफिक्स कार्डांच्या इतिहासात विशेष स्पष्टपणे येतो.

एटीआय ही कंपनी २००६ मध्ये एएमडीने विकत घेतली. तिच्या कार्डांसाठी लिनक्सवर एफजीएलआरएक्स या नावाचा, सोर्स कोड न दिलेला ड्रायव्हर पुरवला जात असे. २००७ पासून एएमडीने आपल्या चिपांची तांत्रिक माहिती प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि तिच्या साहाय्याने गाभ्याच्या संग्रहातील रेडिऑन हा खुला ड्रायव्हर विकसित होत गेला. २०१२ मध्ये कंपनीने एचडी २००० ते एचडी ४००० या मालिकांतील कार्डे आपल्या मुख्य बंद ड्रायव्हरमधून वगळली. एप्रिल २०१६ मध्ये उबुंटूची १६.०४ ही आवृत्ती निघाली, तेव्हा तिच्यातून एफजीएलआरएक्स पूर्णतः काढून टाकण्यात आला. कारण पडदा सांभाळणाऱ्या एक्स सर्व्हरच्या नव्या आवृत्तीशी तो जुळत नव्हता. ज्यांनी १४.०४ वरून १६.०४ वर संक्रमण केले त्यांचा ड्रायव्हर अशा रीतीने हातचा गेला. परंतु येथेच या प्रश्नाचे मर्म आहे. ज्या कार्डांना त्यांच्या निर्मात्यानेच २०१२ मध्ये बाजूस सारले, ती कार्डे खुल्या रेडिऑन ड्रायव्हरच्या आधारे त्यानंतरही वर्षानुवर्षे चालत राहिली. नव्या कार्डांसाठी एएमडीजीपीयू हा ड्रायव्हर २०१५ मध्ये, लिनक्स ४.२ या आवृत्तीत, संग्रहातच दाखल झाला.

दुसरे उदाहरण इंटेलच्या जीएमए ५०० या ग्राफिक्स भागाचे. इंटेलचे ग्राफिक्स ड्रायव्हर खुले असून गाभ्यातच असतात, अशी ख्याती होती व ती सामान्यतः यथार्थही होती. परंतु २००८ च्या सुमारास ॲटम प्रोसेसर असलेल्या काही लहान लॅपटॉपांत जो जीएमए ५०० बसवण्यात आला, त्याची ग्राफिक्स रचना इंटेलची नसून इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीज या ब्रिटिश कंपनीची होती आणि तिचा तपशील खुला नव्हता. परिणामी इंटेलचे नाव पाहून यंत्र घेणाऱ्यांस प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर अडचणीस तोंड द्यावे लागले. पुढे २०११ मध्ये या चिपसाठी एक खुला ड्रायव्हर गाभ्याच्या प्रायोगिक विभागात आला व २०१२ मध्ये त्यास मुख्य संग्रहात स्थान मिळाले. त्याने पडदा व्यवस्थित चालू लागला; तथापि त्रिमितीय चित्रणाचा वेग त्यास कधीच देता आला नाही. निर्मात्याच्या नावावर विसंबणे पुरेसे नसते, चिपच पाहावी लागते, हा बोध या प्रकरणातून मिळतो.

तिसरे उदाहरण एनव्हिडियाचे असून संशोधकांना ते अधिक निकटचे आहे. या कंपनीच्या कूडा या गणनपद्धतीचा २००७ पासून वैज्ञानिक गणनेत विस्तृत प्रमाणावर उपयोग होत आला आहे व त्यासाठी कंपनीचाच ड्रायव्हर घ्यावा लागतो. हा ड्रायव्हर क्रमांकित मालिकांत निघतो आणि जुन्या पिढीची कार्डे ठरावीक मालिकेनंतर वगळली जातात. फर्मी या रचनेची, म्हणजे २०१० पासून बाजारात आलेली कार्डे, ३९० या मालिकेपर्यंतच चालतात. आणि त्या मालिकेचा आधार २०२२ अखेर थांबला. नूव्हो नावाचा खुला ड्रायव्हर चिपच्या वर्तनाचे बाहेरून निरीक्षण करून रचण्यात आला आहे. परंतु २०१४ नंतरच्या कार्डांत कंपनीची स्वाक्षरी असलेल्या फर्मवेअरविना कार्डाचा पूर्ण वेग मिळवता येत नसल्याने त्याची प्रगती दीर्घकाळ कुंठित झाली. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने ट्यूरिंग व तदनंतरच्या कार्डांसाठी ड्रायव्हरचा गाभ्यात चालणारा भाग खुला केला. तथापि कूडासह वरचा भाग बंदच राहिला, आणि ट्यूरिंगपूर्व कार्डांना या निर्णयाचा लाभ झाला नाही.

३. फर्मवेअर आणि मधले उपाय

ड्रायव्हर खुला असला म्हणजे सर्व काही खुले झाले, असे मात्र समजता येत नाही. फर्मवेअर ही मुख्य प्रोसेसरवर न चालता त्या त्या भागाच्या स्वतःच्या चिपवर चालणारी आज्ञावली होय. इंटेलच्या वायफाय कार्डांचा ड्रायव्हर गाभ्यात असतो, पण त्यांस लागणारे फर्मवेअर बंद स्वरूपातच मिळते. डेबियनने मुक्ततेच्या तत्त्वास अनुसरून अशी फर्मवेअरे आपल्या अधिकृत प्रतिष्ठापन-प्रतींतून दीर्घकाळ वगळली होती. त्यामुळे कित्येक लॅपटॉपांवर प्रतिष्ठापनाच्या वेळी वायफायच मिळत नसे. ऑक्टोबर २०२२ मधील मतदानानंतर हे धोरण बदलले आणि जून २०२३ मध्ये निघालेल्या डेबियन १२ पासून फर्मवेअरे स्वतंत्र विभागात ठेवून अधिकृत प्रतींतही समाविष्ट करण्यात आली. नवा ड्रायव्हर कित्येकदा नव्या फर्मवेअरची अपेक्षा करतो; म्हणून केवळ गाभा बदलून फर्मवेअरचा संच जुनाच ठेवणे इष्ट नव्हे.

गाभ्याबाहेरील ड्रायव्हरांसाठी डेलने २००३ मध्ये डीकेएमएस ही योजना पुढे आणली. गाभा बदलला की ड्रायव्हर त्या गाभ्यासाठी आपोआप पुन्हा संकलित करावा, हे तिचे सूत्र. ही योजना उपयुक्त आहे, परंतु पुन्हा संकलन म्हणजे दुरुस्ती नव्हे. अंतर्गत रचना बदलली असेल तर संकलनच अयशस्वी होते आणि तो ड्रायव्हर कोणीतरी हाताने सुधारीपर्यंत वाट पाहणे भाग पडते. शिवाय सिक्युअर बूट चालू असलेल्या यंत्रावर अशा ड्रायव्हरवर मान्य किल्लीची डिजिटल स्वाक्षरी नसेल, तर बहुतेक वितरणांचा गाभा तो स्वीकारीत नाही. आवृत्ती बदलल्यानंतर ड्रायव्हर गायब झाल्याची तक्रार पुष्कळदा या स्वाक्षरीअभावीच उद्भवते.

४. व्यवहारात घ्यावयाची दक्षता

उपर्युक्त विवेचनावरून काही व्यावहारिक नियम निष्पन्न होतात. संक्रमणापूर्वी यंत्रातील प्रत्येक महत्त्वाच्या भागास कोणता ड्रायव्हर लागू आहे याची नोंद करावी. एलएसपीसीआय ही आज्ञा तिच्या ‘के’ या पर्यायासह दिली असता अंतर्गत जोडलेल्या बहुतेक भागांची ही माहिती मिळते. ज्यांचा ड्रायव्हर गाभ्याच्या संग्रहात आहे त्यांविषयी चिंतेचे कारण सामान्यतः नसते. ज्यांचा तो बाहेरचा आहे, त्यांच्या निर्मात्याने नव्या आवृत्तीस आधार दिला आहे काय, हे आधी पाहावे. नवी आवृत्ती यूएसबीवरून, प्रतिष्ठापन न करता, चालवून पाहण्याची सोय बहुतेक वितरणांत असते. या चाचणीने वायफाय, ध्वनी, पडदा यांची परीक्षा होते. परंतु बंद ड्रायव्हरची परीक्षा होतेच असे नाही, हे ध्यानात ठेवावे.

आवृत्ती बदलल्यानंतर जुना गाभा आरंभीच्या यादीतून निवडता येतो, म्हणून मागे फिरण्याचा मार्ग नेहमीच मोकळा असतो, ही समजूत अर्धसत्य आहे. एफजीएलआरएक्सच्या प्रकरणात अडचण एक्स सर्व्हरशी होती. तेथे जुना गाभा निवडूनही ती दूर झाली नसती. संपूर्ण डिस्कची प्रत घेऊन ठेवणे हाच खरा परतीचा मार्ग होय. ज्या यंत्रावर एखादा प्रयोग वा दीर्घ गणना चालू आहे, तेथे दीर्घ आधाराची आवृत्ती वापरावी. उबुंटूची अशी आवृत्ती दर दोन वर्षांनी निघते व तिचा प्रमाणित आधार ५ वर्षांचा असतो. प्रबंधाचे काम शेवटच्या टप्प्यात असताना केवळ नावीन्यासाठी संक्रमण करणे शहाणपणाचे नाही. उलट, बंद ड्रायव्हरसाठी मुदत संपलेल्या आवृत्तीवर अनिश्चित काळ राहणेही सुरक्षिततेच्या दृष्टीने धोक्याचे असते.

गाभ्याच्या संग्रहात असणे म्हणजे अमरत्व नव्हे, हेही मान्य केले पाहिजे. ज्यांची चाचणी घेणारा कोणी उरला नाही असे ड्रायव्हर काढून टाकले जातात. लिनक्सचा आरंभ ज्या ३८६ प्रोसेसरवर झाला त्याचाही आधार २०१३ मध्ये निघालेल्या ३.८ या आवृत्तीतून वगळण्यात आला. फरक इतकाच, की तेथे हा निर्णय उघडपणे होतो, आणि ज्यास तो भाग हवा आहे त्यास सोर्स कोड हाती असल्यामुळे पुढे काम चालवण्याची वाट बंद होत नाही. बंद ड्रायव्हरच्या बाबतीत अशी वाटच नसते.

लॅपटॉपच्या खरेदीच्या वेळी प्रोसेसरचा वेग, स्मृती व किंमत यांची तुलना कसोशीने केली जाते. वायफाय व ग्राफिक्स यांच्या चिपांचे ड्रायव्हर गाभ्यात आहेत काय, ही चौकशी मात्र क्वचितच होते. यंत्र किती वर्षे उपयोगी पडेल हे बव्हंशी या चौकशीवर ठरत असल्याने, विभागाच्या खरेदीपत्रकात तिच्यासाठी एक ओळ राखून ठेवणे अगत्याचे आहे.