पार्किंगचे पट्टे पुसट झालेत? पुन्हा कधी मारायचे, कसे मारायचे, समजून घ्या

पुणे : तालुक्यातून पुण्याला जायचं म्हटलं की काम अर्ध्या तासाचं आणि गाडी लावायला जागा शोधण्यात एक तास, हा अनुभव आता सगळ्यांनाच आहे. कोणी मार्केट यार्डात माल घेऊन जातो, कोणी ससूनला पेशंट घेऊन जातो, कोणाची शिवाजीनगर कोर्टात तारीख असते. गाडी लावताना आपण खाली बघतो, तर पांढरा पट्टा आहे की नाही तेच कळत नाही. अंदाजाने गाडी लावायची आणि परत आल्यावर ती जागेवर असेल अशी आशा करायची, असा हा प्रकार.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ प्रमाणे साध्या नियमभंगाला पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी १५०० रुपयांपर्यंत दंड आहे. गाडी टोइंग करून नेली तर तो खर्च वेगळा. खेड्यातून आलेल्या माणसाचा अख्खा दिवसही जातो. म्हणून पट्टा हा नुसता शोभेचा रंग नाही, हे आधी लक्षात घ्या.

आता हा विषय फक्त शहराचा राहिलेला नाही. आपल्याकडे आठवडे बाजार, मंगल कार्यालय, ग्रामीण रुग्णालय, दूध डेअरी, देवस्थान, सगळीकडे फरशी किंवा डांबर करून पट्टे मारलेले दिसतात. दोन-तीन वर्षांनी ते पुसले जातात आणि मग पुन्हा ज्याला जिथे वाटेल तिथे गाडी.

रंगवायची वेळ झाली हे कसं ओळखायचं?

बरेच जण दिवाळी आली किंवा यात्रा आली की रंग काढतात. तारखेपेक्षा जमिनीकडे बघून ठरवा. तीन साध्या परीक्षा आहेत.

पहिली, संध्याकाळी दिवेलागणीला गाडीत बसा आणि आत शिरतात त्या तोंडापासून बघा. ड्रायव्हरच्या सीटवरून पुढची रेघ दिसत नसेल तर तिचा उपयोग संपला. उन्हात उभं राहून बघितलं तर पुसट रेघही दिसते, त्यावर जाऊ नका.

दुसरी, पाऊस पडून गेल्यावर रात्री बघा. ओल्या डांबरावर दिव्याचा उजेड पडला की पुसट पट्टा पूर्ण गायब होतो.

तिसरी परीक्षा सगळ्यात खरी. गाड्या कशा लागतात ते दोन-तीन दिवस बघा. दहा गाड्यांच्या जागेत सात-आठच बसत असतील, माणसं तिरक्या गाड्या लावत असतील, तर पट्टे असून नसल्यासारखे आहेत.

सगळी जागा एकदम झिजत नाही. चाक जिथे वळतं तिथे, म्हणजे आत शिरायच्या तोंडाला आणि कोपऱ्याला, रंग आधी जातो. भिंतीकडच्या रेघा बऱ्याच वर्षं टिकतात. पैसे कमी असतील तर क्रम असा ठेवा : आधी रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची वाट, मग दिव्यांगांची जागा, मग पायी चालणाऱ्यांचा पट्टा आणि बाण, शेवटी गाड्यांच्या रेघा.

जुन्यावर नवा हात मारण्याआधी माप तपासा

जुनी आखणीच चुकीची असेल तर तीच पुन्हा रंगवून काय उपयोग? राज्याची एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली. त्यात एका मोटारीला २.५ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब जागा धरली आहे, म्हणजे साधारण सव्वाआठ फूट बाय साडेसोळा फूट. दुचाकीला १ मीटर बाय २ मीटर. गाड्या काटकोनात लावायच्या असतील तर दोन रांगांच्या मध्ये वळायला वीसेक फूट वाट हवी.

दिव्यांगांच्या जागेला ३.६ मीटर म्हणजे जवळपास बारा फूट रुंदी लागते. व्हीलचेअर गाडीच्या दाराशी लावून माणसाला उतरता आलं पाहिजे, म्हणून ही जादा रुंदी. ही जागा मुख्य दारापासून ३० मीटरच्या आत असावी. आपल्याकडे बऱ्याचदा व्हीलचेअरचं चित्र काढतात, पण रुंदी साध्या गाडीचीच ठेवतात. मग ते चित्र काय कामाचं?

आखणी बदलणार असाल तर जुन्या रेघा घासून काढा. त्यावर काळा रंग फासू नका. काळा रंग पावसात चमकतो, रात्री तीच रेघ वाटते आणि दुचाकीचं चाक घसरतं ते वेगळंच.

कोणता रंग?

मुख्य प्रकार दोन. एक डब्यातला रोड मार्किंगचा रंग, जो ब्रशने, रोलरने किंवा मशीनने मारतात. दुसरा थर्मोप्लास्ट, जो गरम करून वितळवून ओततात.

थर्मोप्लास्ट साधारण अडीच मिलीमीटर जाड बसतो आणि त्यावर काचेचे बारीक मणी टाकतात. रात्री दिव्यात रेघ चमकते ती या मण्यांमुळे. हा पट्टा जास्त टिकतो, पण माल जवळपास दोनशे अंशापर्यंत तापवावा लागतो. हे घरच्या माणसांनी करायचं काम नाही, भाजलं तर जिवावर बेतेल. सिमेंट काँक्रीटवर मारायचा असेल तर आधी प्रायमर लागतो, नाहीतर पापुद्रा निघतो.

लहान जागेला डब्यातला रंग परवडतो. फक्त दुकानात 'रोड मार्किंगचा' म्हणूनच मागा. घराच्या खिडकीचा ऑइलपेंट जमिनीवर मारला की गुळगुळीत होतो आणि लवकर सुटतो. रंग पुरावा म्हणून रॉकेल किंवा जास्त थिनर घालू नका. चुना किंवा फक्की एक दिवसाच्या यात्रेला ठीक, वर्षभरासाठी नाही.

पेव्हर ब्लॉक टाकणार असाल तर पट्ट्याच्या जागी वेगळ्या रंगाचे ब्लॉकच बसवा. मग वरून पट्टे मारायची कटकट बरीच कमी होते.

कधी मारायचा?

शेतकऱ्याला वाफसा सांगावा लागत नाही. पेरणीला जसा वाफसा, तसा रंगाला कोरडेपणा. जमिनीत ओल असली की रंग वरून वाळतो, पण खालून सुटतो. पुणे जिल्ह्यात जून ते सप्टेंबर हे काम टाळा. पाऊस उघडून जमीन नीट वाळली की ऑक्टोबरच्या पुढे उन्हाळ्यापर्यंतचा काळ चांगला. हिवाळ्यात पहाटे दव पडतं, म्हणून ऊन चढल्यावर सुरू करा. नवीन काँक्रीट असेल तर किमान २८ दिवस जाऊ द्या.

दिवस निवडताना बाजाराचा, लग्नाचा मुहूर्त बघा. जागा दोन भागात वाटून आधी एक रिकामी करून रंगवा, म्हणजे काम थांबत नाही.

कसा मारायचा?

१. आधी झाडून, मग पाण्याने धुऊन घ्या. ऑइलचे डाग साबणाने काढा, सुटलेला रंग पत्र्याने खरवडा. मग पूर्ण वाळू द्या.

२. भिंतीला किंवा कडेला धरून सूत लावा आणि खडूने आखा. काटकोन गवंडी धरतो तसाच धरा : एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट, तिरकं बरोबर ५ फूट आलं की कोन सरळ.

३. रेघ १० सेंटिमीटर रुंद ठेवा. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावली की कड स्वच्छ येते.

४. एकच जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ थर द्या. पहिला वाळल्यावरच दुसरा.

५. डब्यावर लिहिलेला वेळ होईपर्यंत दोरी बांधून ठेवा. घाईने पहिली गाडी आत घेतली की चाकाला रंग लागून सगळीकडे ठसे उमटतात.

किती रंग लागेल?

समजा दहा गाड्यांची एक रांग आहे. मधल्या आणि कडेच्या मिळून ११ रेघा, प्रत्येकी ५ मीटर, म्हणजे ५५ मीटर. मागची लांब रेघ २५ मीटर. एकूण ८० मीटर. रुंदी १० सेंटिमीटर धरली तर ८ चौरस मीटर झाले. ओला थर अर्धा मिलीमीटर धरला तर एक लिटरमध्ये २ चौरस मीटर, म्हणजे साधारण ४ लिटर रंग. बाण आणि चित्रांसाठी थोडा जादा धरा.

ठेकेदाराला काम दिलं तर बिल चौरस मीटरवर घ्या, 'एकूण अमुक हजार' असं नको. थर्मोप्लास्ट असेल तर काम चालू असताना पत्र्याचा तुकडा खाली ठेवायला सांगा. त्यावर पडलेला थर वाळल्यावर मोजा. अडीच मिलीमीटर ठरला आणि दीडच भरला तर तिथेच कळतं.

मारायचे कोणी?

खासगी आवारात मालकाने किंवा सोसायटीने. सार्वजनिक रस्त्यावर मात्र कोणीही स्वतःहून पट्टा मारायचा नाही. गाड्या कुठे उभ्या करायच्या हे ठरवायचा अधिकार कलम ११७ प्रमाणे शासनाचा किंवा शासनाने नेमलेल्या यंत्रणेचा आहे, तोही स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून. पुणे शहरात पट्टे पुसलेले दिसले तर महापालिकेच्या पीएमसी केअर ॲपवर फोटोसह तक्रार टाका. गावात ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

आणि पुण्यात गाडी लावताना पट्टा दिसला नाही तर पाटी शोधा. बऱ्याच रस्त्यांवर पी-१, पी-२ असतं, म्हणजे सम-विषम तारखेप्रमाणे बाजू बदलते. कडेला पिवळी अखंड रेघ असेल तर गाडी लावू नका. शंका असेल तर पाटी आणि जमीन दोन्ही दिसतील असा गाडीसकट फोटो काढून ठेवा. पट्टा पुसट होता एवढ्यावर दंड माफ होईलच असं नाही, पण चलनाविरुद्ध ऑनलाइन तक्रार करायची वेळ आली तर हातात काहीतरी असेल.