साडेतीन लाख ठिपके

नोव्हेंबर 2020 ते जून 2021 या हंगामात भारताच्या जंगलांत किती वणवे लागले? डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या दप्तरी याची दोन उत्तरं आहेत. एक 52,785 आणि दुसरं 3,45,989. हंगाम तोच, जंगलं तीच, मोजणारी संस्थाही तीच. वेगळा होता तो फक्त वरून बघणारा डोळा. पहिला आकडा ‘मोडिस’ या संवेदकाचा, दुसरा ‘व्हिर्स’चा. बातमीत मथळा होतो तो अर्थातच मोठ्याचा.

मोडिस बसवलेला ‘टेरा’ उपग्रह 1999 मध्ये गेला आणि ‘ॲक्वा’ 2002 मध्ये. मोडिसच्या चित्रातला एक चौकोन किलोमीटरभर लांब-रुंद, म्हणजे शंभर हेक्टरांचा. 2011 मध्ये ‘सुओमी एनपीपी’ उपग्रहावरून गेलेल्या व्हिर्सचा चौकोन 375 मीटरचा, जेमतेम चौदा हेक्टरांचा. जळत्या वस्तूतून अवरक्त किरणांचा जो पट्टा जोरात बाहेर पडतो, तो दोघंही टिपतात. आजूबाजूच्या तापलेल्या जमिनीपेक्षा एखादा चौकोन फारच उजळ दिसला, की नकाशावर ठिपका पडतो. हा ठिपका म्हणजे एक वणवा नव्हे. चौदा हेक्टर जळाले असंही तो सांगत नाही. त्या चौकोनात कुठेतरी आग आहे, एवढंच सांगतो. बांधासारखी अरुंद धग एक ठिपका देते, आणि चार दिवस डोंगर पोखरत जाणारा एकच वणवा शेकडो ठिपके देऊन जातो.

ठिपक्याचा पुढचा प्रवास मात्र कौतुकाने सांगावा असा आहे. उपग्रहाची माहिती हैदराबादजवळ शादनगरच्या केंद्रात उतरते, तिथून डेहराडूनला जाते. तिथे वनक्षेत्राचा नकाशा तिच्यावर ठेवून शेतातली जाळपोळ वगळली जाते. मग राज्य, जिल्हा, परिक्षेत्र असं करत थेट बीटपर्यंत, म्हणजे एका वनरक्षकाच्या हद्दीपर्यंत, पत्ता लागतो आणि वनरक्षकाच्या मोबाइलवर अक्षांश-रेखांशांसह संदेश येतो. मोडिसवरून हे काम 2004 पासून चालू आहे. व्हिर्सची जोड 2017 मध्ये मिळाली. आग कुठे लागू शकेल याचा अंदाज बांधायला कॅनडाची हवामान-निर्देशांकाची पद्धत आपल्याकडे जुळवून घेतली आहे. तापमान, हवेतली आर्द्रता, वारा आणि चोवीस तासांतला पाऊस या चार नोंदींवरून पालापाचोळा किती कोरडा असेल, याचं गणित ती मांडते.

आता घाटमाथ्यावर या. इथे पावसाळ्यात धो-धो पाऊस पडतो, कमरेएवढं गवत माजतं आणि फेब्रुवारीपर्यंत ते कडकडीत वाळतं. ‘वणवा लागला’ असं आपण म्हणतो खरं, पण आपल्याकडे तो बहुतेक वेळा लावलेला असतो. जुनं गवत जाळलं की नवं जोमाने येतं, ही समजूत काही जायला तयार नाही. विदर्भात मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि ती आग रानात शिरते. तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनही जाळतात.

समजा, मार्चमध्ये दुपारी चार वाजता कुणी उताराच्या तळाशी काडी टाकली. आग चढाने वर धावते, धारेवर पोचते, दगडाळ कडा लागला की विझते. रात्री दहापर्यंत सगळा उतार काळा. व्हिर्सची फेरी दुपारी दीडच्या सुमारास आणि पुन्हा रात्री दीडच्या सुमारास. म्हणजे त्या डोंगराला ठिपकाच नाही! दर अर्ध्या तासाने बघणारे इन्सॅट-3डी मालिकेतले आपले उपग्रह आहेत, पण त्यांचा उष्णतेचा चौकोन चार किलोमीटरचा. एवढ्या मोठ्या चौकोनात गवताची आग हरवूनच जाते.

देशाच्या एकूण बेरजेतही असंच काहीतरी हरवतं. 2022-23 च्या हंगामात 2,12,249 ठिपके होते, 2023-24 मध्ये 2,03,544. घट झाली म्हणून समाधान मानावं, तर त्याच काळात उत्तराखंडचा आकडा 5,351 वरून 21,033 वर गेला. एप्रिल 2024 मध्ये नैनितालच्या आसपासची आग विझवायला हवाई दलाचं एमआय-17 हेलिकॉप्टर भीमतालमधून बादलीने पाणी उचलत होतं. जूनमध्ये बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेल्या वनखात्याच्या माणसांपैकी चार जण जागीच जळून गेले. मला विचाराल तर, आगीचे ठिपके ज्या बारकाईने आपण मोजतो, त्याच बारकाईने आग विझवणारे हातही मोजायला हवेत. कॅनडात हे मोजमाप होतं: विनिपेगच्या वणवा-समन्वय केंद्राकडून 1982 पासून प्रांताप्रांतांत माणसं आणि विमानं यांची देवाणघेवाण होते. देशाची सज्जता एक ते पाच अशा पायऱ्यांवर रोज जाहीर होते. 2023 मध्ये ती महिनोन्महिने सर्वांत वरच्या पाचव्या पायरीवर अडकली, तेव्हा दक्षिण आफ्रिकेपासून दक्षिण कोरियापर्यंतची माणसं तिथे मदतीला गेली.

आपल्याकडे बीटवर हंगामापुरता घेतलेला फायर वॉचर असतो. पाठीवर ब्लोअर, तो नसेल तर हातात ओला डहाळा. ब्लोअरने पाला बाजूला सारायचा, जमीन उघडी करायची, आग तिथवर येऊन थांबते का ते बघायचं. डहाळा आपटायचा नसतो, दाबायचा असतो. आपटला की ठिणग्या उडतात. वाऱ्याच्या तोंडाला उभं राहायचं नाही, आणि आग खाली असताना चढावर तर कधीच नाही. हंगामाआधी जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळा केलेला पट्टा, नीट काढली असेल तर निम्मं काम झालेलं असतं; ती काढायला मजुरी वेळेवर आलेली असावी लागते.

संदेश आल्यावर वनरक्षकाने त्या जागी जायचं आणि आग होती की नाही, किती जळलं, हे कळवायचं. कातळावर मोबाइलला रेंज नसते. तो धारेवर येतो तेव्हा एकदम चार संदेश वाजतात, आणि चारही ठिपके तो आत्ताच विझवून आलेल्या एकाच आगीचे असतात.