टर्बोचार्ज्ड मोटारीसाठी इंधनपंपाची निवड : उपसा सिंचनाच्या अनुभवाच्या आधारे एक विवेचन

प्रास्ताविक

जुन्नर व आंबेगाव हे तालुके कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेले आहेत. येडगाव, वडज, डिंभे या धरणांमुळे येथील शेती बागायती झाली असली, तरी नदीतील किंवा विहिरीतील पाणी उंचावरील शेतात नेण्यासाठी पंपाशिवाय पर्याय नाही. त्यामुळे पंपाच्या पाटीवरील हेड व विसर्ग हे दोन आकडे एकत्रच वाचावयाचे असतात, हे येथील शेतकरी अनुभवाने जाणतो. या तालुक्यांच्या दक्षिणेस, खेड तालुक्यातील चाकण येथे २००९ पासून फोक्सवॅगन समूहाचा कारखाना असून तेथे टर्बोचार्ज्ड पेट्रोल मोटारी तयार होतात. अशा मोटारींची शक्ती वाढविण्याचे आकर्षण तरुणांत आहे. मात्र इंधनपंप निवडताना शेतावरचा हा साधा नियम विसरला जातो. प्रस्तुत लेखात त्या नियमाच्या आधारे पंपनिवडीचा विचार केला आहे.

इंधनाची गरज

टर्बोचार्जर इंजिनात अधिक हवा कोंबतो आणि त्या प्रमाणात अधिक इंधन द्यावे लागते. पूर्ण भारावर अशा पेट्रोल इंजिनास प्रत्येक अश्वशक्तीमागे ताशी सुमारे ०.२७ किलोग्रॅम इंधन लागते, असे ढोबळमानाने धरता येते. ४०० अश्वशक्तीच्या इंजिनास ताशी १०८ किलोग्रॅम, म्हणजे सुमारे १४५ लिटर पेट्रोल लागेल. त्यावर २० टक्के राखीव क्षमता धरल्यास १७५ लिटर होतात.

येथे इथेनॉलचाही विचार आवश्यक आहे. या परिसरातील ऊसउत्पादकांना परिचित असलेले हे इंधन २०२५ मध्ये देशातील पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. एक किलोग्रॅम शुद्ध पेट्रोल जाळण्यास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते, तर इथेनॉलला केवळ ९. म्हणजेच तेवढ्याच हवेसाठी २० टक्के मिश्रणाचे इंधन आकारमानाने सुमारे ८ टक्के अधिक लागते. आपली गरज त्यामुळे ताशी १९० लिटरच्या आसपास जाते.

दाबाचा प्रश्न

यावरून २५५ लिटरची पाटी असलेला कोणताही पंप पुरेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण हा विसर्ग किती दाबावर मोजला आहे, हा खरा प्रश्न होय. ज्या इंजिनांत इंजेक्टर हवेच्या नळीत इंधन सोडतात, तेथे इंधनाचा दाब नळीतील हवेच्या दाबापेक्षा ठरावीक प्रमाणात, समजा ३ बारने, अधिक ठेवावा लागतो. टर्बोचा बूस्ट १.५ बार असेल, तर रेग्युलेटरने इंधनाचा दाब ४.५ बारपर्यंत वाढविला पाहिजे. पाण्याच्या भाषेत हे सुमारे ४६ मीटरचे हेड झाले. हेड वाढले की विसर्ग घटतो. म्हणून १९० लिटर ४.५ बारवर मिळतात का, हे पंपाच्या आलेखावरून पाहावे.

दाब ३ बारवरच अडकला, तर इंजेक्टरच्या दोन बाजूंमधील फरक निम्मा होतो. प्रवाह हा दाबफरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असल्याने इंधन सुमारे २९ टक्क्यांनी घटते, तेही इंजिनाला त्याची सर्वाधिक गरज असताना. मिश्रण विरल होते, ज्वलनाचे तापमान वाढते, नॉकिंग सुरू होते आणि काही सेकंदांत पिस्टन वितळू शकतो. शेतातील पंप कमी पडला तर पीक सुकण्यापूर्वी शेतकऱ्याला सावध होता येते. इंजिन तेवढा अवधी देत नाही.

वीज, शोषण आणि मांडणी

विजेचा दाब कमी असला की मोटर पाणी फेकत नाही, ही ग्रामीण भागातील नित्याची तक्रार आहे. इंधनपंपाचेही तसेच आहे. १३.५ व्होल्टवर मोजलेला विसर्ग १२ व्होल्टवर मिळत नाही. म्हणून बॅटरीपासून पुरेशा जाडीची स्वतंत्र तार, रिले व फ्यूज आवश्यक ठरतात. व्होल्टेज मात्र पंपाच्या टोकांवर, पूर्ण भार असताना मोजावे.

पंप इंधन ढकलण्यात समर्थ, पण ओढण्यात दुबळा असतो. पाणबुडी मोटरप्रमाणे तो टाकीतच बुडालेला असणे श्रेयस्कर. माळशेज घाटातील वळणांवर टाकी अर्धी असताना इंधन एका बाजूस जाते व पंपाचे तोंड उघडे पडू शकते. फूटव्हॉल्व्ह उघडा पडलेल्या विहिरीवरील पंपासारखी त्याची गत होते. यावर टाकीतील आडपडदे किंवा नेहमी भरलेली छोटी उपटाकी हा उपाय आहे.

एक पंप अपुरा पडल्यास दोन समांतर जोडल्याने विसर्ग वाढतो, तर एकामागे एक जोडल्याने दाब वाढतो. समांतर मांडणीत प्रत्येकास एकदिशा झडप हवी. दुसरा पंप केवळ बूस्ट आल्यावर सुरू होणारा असेल आणि तो ऐन वेळी सुरू झाला नाही, तर इंजिनावर तेच संकट ओढवते. गरजेपेक्षा फार मोठा पंपही निर्दोष नव्हे; परतीची नळी अरुंद असल्यास दाब अनियंत्रित वाढतो आणि सतत फिरणारे इंधन तापते.

चाकणच्या टर्बोचार्ज्ड मोटारींत इंधन थेट सिलिंडरमध्ये सोडले जाते. तेथे टाकीतील पंप इंजिनावरील दुसऱ्या, शेकडो बार दाबाच्या यांत्रिक पंपास इंधन पुरवितो. अशा वेळी दोन्ही पंपांची क्षमता तपासणे आवश्यक असते.

समारोप

पंपाची निवड ही पाटीवरील सर्वांत मोठ्या आकड्याची निवड नसून आवश्यक दाबावर, उपलब्ध व्होल्टेजवर आणि प्रत्यक्ष वापरातील इंधनावर मिळणाऱ्या विसर्गाची निवड आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने वाहनातील फेरबदलांवर मर्यादा घातल्या आहेत, याचीही जाणीव विद्यार्थ्यांना करून द्यावयास हवी. पंपाचा आलेख वाचावयास शिकविताना घरच्या विहिरीवरील मोटरपासून आरंभ केला, तर येथील विद्यार्थ्याला तो विषय परका वाटणार नाही.