मोकळा कोपरा

संध्याकाळी साडेसातला शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीतून फोन आला. "ओ सर, ह्या नगाला सातचा कोअर बॉक्स लागतच न्हाई, बाराचा लागतोय. तुमचं मशीन सातच म्हणतंय की!"

कोअर शॉपच्या मिस्त्रींचं बरोबर होतं. तिथल्या नोंदींचा प्रोग्रॅम मी सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला. व्हॉल्व्ह बॉडीचं वजन बरोबर, हीट नंबर बरोबर; कोअर बॉक्सचा आकडा तेवढा आधीच्या नगाचा.

प्रोग्रॅममध्ये दोन क्लास. मूळ क्लास 'कास्टिंग', त्यात वजन आणि हीट नंबर. त्याचा वारस 'व्हॉल्व्ह बॉडी', त्यात कोअर बॉक्सचा नंबर. पण ही नावं माझ्या आणि कंपायलरच्या बोलण्यातली. मशीन कोड झाला की 'या पत्त्यापासून सोळा बाइट पुढं जा, तिथले चार उचल' असली कामं तेवढी उरतात. थंड झालेलं कास्टिंगही नुसतं बघून कुठल्या दिवशीच्या चार्जमधलं ते सांगता येत नाही. म्हणून त्याच्या अंगावर हीट नंबर उठवतात आणि बाकीचं भट्टीच्या रजिस्टरात लिहितात.

कंपायलरला 'जी' हा पर्याय दिला की तोही असं रजिस्टर लिहितो. लिनक्सवर ते लिहायची रीत म्हणजे ड्वार्फ. फाइलीच्या रचनेचं नाव एल्फ, म्हणून जोडीला ड्वार्फ, असा हा परीकथेतला विनोद. पहिली आवृत्ती १९९२ची; २००५च्या तिसरीत सी प्लस प्लसच्या नेमस्पेसना जागा मिळाली; पाचवी २०१७ची. ही नोंद मशीन कोडपासून वेगळ्या कप्प्यात राहते आणि डीबगर ती वाचतो.

रात्री जीडीबी हा डीबगर लावला आणि कास्टिंग छापायला सांगितलं. उत्तर आलं: 'इनकम्प्लीट टाइप'. असा क्लास आहे हे त्याला माहीत, पोटात काय आहे ते माहीत नाही.

यामागं कंपायलरची काटकसर आहे. एक हेडर पन्नास फाइलींत ओढलं जातं. प्रत्येक ठिकाणी क्लासचं सगळं वर्णन लिहायचं तर रजिस्टर प्रोग्रॅमपेक्षा जाड होईल. म्हणून क्लँग हा कंपायलर लिनक्सवर, व्हर्च्युअल फंक्शन असलेल्या क्लासचं पूर्ण वर्णन सहसा जिथं त्याचं व्हीटेबल, म्हणजे व्हर्च्युअल फंक्शनांच्या पत्त्यांचा तक्ता, तयार होतं तिथंच लिहितो. इतरत्र नुसतं नाव. आणि व्हीटेबल पडतं ते क्लासच्या पहिल्या, हेडरबाहेर लिहिलेल्या व्हर्च्युअल फंक्शनच्या फाइलीत. माझ्या कास्टिंगची नेमकी तीच फाइल जुन्या मेकफाइलमधून 'जी'शिवाय कंपाइल होत होती.

पर्याय जोडला, पुन्हा कंपाइल केलं आणि ड्वार्फडम्पनं नोंदी उघडल्या. 'कास्टिंग': आकार २४ बाइट. शून्यावर व्हीटेबलचा पॉइंटर, त्याला 'आर्टिफिशियल' अशी खूण. म्हणजे हा मी लिहिलेला नाही, कंपायलरनं घातलेला. ८ वर वजन, १६ वर हीट नंबर. हीट नंबर २० ला संपतो. पुढचे चार बाइट आठाच्या पटीत बसवण्यापुरते मोकळे. खाली फंक्शनं: प्रत्येकाचं नाव, ओळ, व्हर्च्युअल असेल तर व्हीटेबलमधला क्रमांक, आणि मी कधीच न लिहिलेला 'धिस' हा पॅरामीटर, त्यालाही तीच खूण.

मग 'व्हॉल्व्ह बॉडी'. पहिली नोंद 'इन्हेरिटन्स': कास्टिंगचा भाग शून्यापासून. दुसरी कोअर बॉक्स: जागा हेक्समध्ये १४.

बोटांवर मोजलं. हेक्समधले १४ म्हणजे आपले २०. एकूण आकार परत २४च. कंपायलरनं वारसाचा आकडा बापाच्या मोकळ्या चार बाइटांत बसवला होता. लिनक्सवर पाळल्या जाणाऱ्या सी प्लस प्लसच्या नियमांत व्हर्च्युअल फंक्शन असलेल्या अशा क्लासला ही मुभा आहे.

दोष आता समोर होता. एका हीटमधल्या पुढच्या नगाला तेच वजन, तोच हीट नंबर लावायचा म्हणून मी कास्टिंगचा भाग मेमकॉपीनं उचलत होतो, पूर्ण २४ बाइट. शेवटच्या चारांतून आधीच्या नगाचा कोअर बॉक्सही जात होता. मेमकॉपी काढली आणि दोन साध्या असाइनमेंट लिहिल्या.

सकाळी फाउंड्रीत जाऊन दुरुस्त प्रोग्रॅम बसवला. स्क्रीनवर बारा आला. मिस्त्रींना बिघाड काय होता ते ऐकायचं होतं. मी कागदावर चौकट काढून मोकळे चार बाइट दाखवले. ते हसले. "त्यात काय नवीन? मोल्ड बॉक्समध्ये कोपरा मोकळा दिसला की आमीबी बारकं पॅटर्न बसवतोय. पण पाटीवर खडूनं लिवून ठेवतोय, तिथं काय बसवलंय ते."

कंपायलरनंही लिहूनच ठेवलं होतं. पाटी मीच पुसली होती.