हलक्या मालवाहू गाडीचे पुढील धक्काशोषक घरच्या घरी कसे बदलावे?

जालना जिल्ह्यातील जाफराबाद तालुक्यात टेंभुर्णी व आसपासच्या गावांतून शेतमाल एके काळी बैलगाडीने बाजारास जात असे. आता त्या कामी हलक्या मोटारगाड्या योजिल्या जातात. २००५ साली टाटा कंपनीची ‘एस’ ही लहान मालवाहू गाडी निघाली आणि ‘छोटा हत्ती’ ह्या नावाने ती खेडोपाडी पोहोचली. बैलगाडीच्या कण्यास वंगण केव्हा द्यावे, चाकास धाव केव्हा चढवावी, हे शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नसे. मोटारगाडीचे इंजिन-तेलही तो वेळेवर बदलतो. परंतु पुढील चाकामागे दडलेल्या धक्काशोषकाकडे, म्हणजे गॅरेजमधील मंडळी ज्यास ‘शॉकअप’ म्हणतात त्या नळकांड्याकडे, ते खडखड वाजू लागेपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही.

धक्काशोषक ह्या नावाने थोडी दिशाभूल होते. रस्त्याचा धक्का प्रथम झेलतात ते कमानपाटे. झेललेला धक्का पाटे परत उसळून देतात, व झोका एकदा दिल्यावर जसा पुष्कळ वेळ हलत राहतो तशी गाडी वरखाली होत राहते. तो झोका आवरण्याचे काम धक्काशोषकाचे होय. त्याच्या नळीत तेल असते. दट्ट्या खालीवर होताना हे तेल बारीक छिद्रांतून बळाने जाते आणि उसळीची शक्ती उष्णतेत जिरते. खराब रस्त्यावरून आल्याबरोबर दोन्ही बाजूंच्या नळ्यांजवळ हात नेऊन पाहावा. एक कोमट व दुसरी थंडगार असल्यास थंड असलेली काम करीत नाही असे समजण्यास हरकत नाही. मात्र नळी कधी कधी बरीच तापलेली असते, म्हणून एकदम मुठीत धरू नये.

ह्या भागातील काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर बांधलेला रस्ता फार दिवस सपाट राहत नाही, त्यामुळे धक्काशोषकास विश्रांती अशी नसतेच. तो निकामी झाला की मोसंबीच्या क्रेटमध्ये फळावर फळ आदळते, साल दुखावते व तेथून सड सुरू होते. ह्या नुकसानीहून मोठी गोष्ट अशी की, चाक रस्त्यावरून उडू लागते. ब्रेक कितीही चांगला असला तरी जमिनीपासून सुटलेल्या चाकावर त्याचा काही उपयोग होत नाही. म्हणून हा प्रश्न केवळ सुखाच्या प्रवासाचा नसून वेळेवर गाडी थांबण्याचा आहे.

झीज ओळखण्यासाठी गाडीचा पुढील कोपरा तीन-चार वेळा जोराने दाबून सोडण्याची रीत आहे. चांगली गाडी एकदा वर येऊन स्थिरावते. पाट्यांच्या गाडीत ही परीक्षा पुरेशी नाही, कारण पाटे ताठ असतात व त्यांच्या आपसांतील घर्षणानेही उसळी दबते. त्यापेक्षा खाली वाकून नळीवर तेलाचा ओघळ आहे काय हे पाहावे. नुसता ओलसर धुरळा चिकटलेला असल्यास चिंता नको. तेल खालपर्यंत ओघळले असल्यास बदलण्याची वेळ झाली. टायरवर जागोजागी खळगे पडल्यासारखी झीज होणे, हीही एक खूण आहे.

पान्हा हाती घेण्यापूर्वी आपल्या गाडीची रचना ओळखणे अत्यंत आवश्यक आहे. ‘एस’सारख्या गाडीत पुढे कमानपाटे असतात व धक्काशोषक त्यांच्यापासून वेगळा बसविलेला असतो, तो घरी बदलता येतो. मारुती ओम्नीसारख्या व्हॅनमध्ये मात्र वळ्यांची स्प्रिंग धक्काशोषकावरच दाबून बसविलेली असते. तिच्यात काही शे किलोंचा जोर कोंडलेला असतो. वरचे मधले नट सोडले की ती स्प्रिंग उसळून हात किंवा जबडा मोडू शकते. ओम्नीचे उत्पादन २०१९ साली थांबले असले तरी ती गाडी वापरणारे अद्याप आहेत, म्हणून हे स्पष्ट लिहिणे भाग आहे: अशा रचनेचे काम स्प्रिंग दाबून धरण्याचे साधन असलेल्या कारागिराकडेच द्यावे व नंतर चाकांची अलाइनमेंट तपासून घ्यावी. दोरीने किंवा तारेने स्प्रिंग बांधून काम भागविण्याचा मोह सर्वथा टाळावा.

पाट्यांच्या गाडीचे धक्काशोषक नेहमी जोडीने बदलावेत. एक नवा व एक जुना ठेवल्यास खड्ड्यात व ब्रेक लावताना गाडी एका अंगास ओढते. भाग विकत घेताना गाडीचे मॉडेल व वर्ष सांगावे. रबरी बुश, चकत्या व नट सोबत आहेत काय ते दुकानातच पाहावे.

काम फरशीवर किंवा सिमेंटच्या ओट्यावर करावे. शेतात करणे भाग पडल्यास जॅकखाली जाड फळी घालावी, कारण काळ्या मातीत जॅक हळूहळू रुततो. गाडी रिकामी करून हँडब्रेक लावावा व मागील चाकांना दोन्ही बाजूंनी दगड द्यावेत. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करून मग ती उचलावी. उचललेली गाडी सांगाड्याखाली लोखंडी घोडी देऊन त्यावर टेकवावी. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे रचू नयेत; ते न सांगता फुटतात. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली क्षणभरही शिरू नये. चाक काढल्यावर जॅक पुढील आसाखाली आणून त्याचा हलका आधार द्यावा, म्हणजे आस लोंबून धक्काशोषक ताणला जात नाही.

खरा वेळ जातो तो गंजलेल्या नटांत. आदल्या संध्याकाळी लोखंडी ब्रशाने आटे साफ करून गंज सोडविणारे तेल सोडावे व सकाळी पुन्हा द्यावे. काही गाड्यांत वरचे टोक कडीचे, तर काहींत आटे पाडलेल्या खुंटीचे असते. खुंटी नटाबरोबर फिरू लागल्यास तिच्या माथ्यावरील चपटा भाग दुसऱ्या पान्ह्याने धरावा. चकचकीत दांडा पकडीने कधीही धरू नये. नवीन भागाच्या दांड्यावर पडलेला एक ओरखडा तेलाची सील कापण्यास पुरेसा होतो. तसेच नट निघत नाही म्हणून नळीजवळ गॅसची ज्योत लावू नये. आत तेल आणि पुष्कळदा दाबाखालील वायू असतो. सोडलेल्या चकत्या व रबरे ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने फडक्यावर मांडावीत. दोन्ही बाजू एकाच वेळी खोलू नयेत. एक बाजू जोडलेली असली म्हणजे अडचणीत तीच नमुना म्हणून उपयोगी पडते.

नवीन धक्काशोषक गाडीत ज्या स्थितीत राहणार त्या स्थितीत उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण ताणावा व दाबावा, म्हणजे आतील हवा वर निघून जाते आणि दोन्ही दिशांस सलग जोर लागतो. वायू भरलेला धक्काशोषक पट्टीने दाबून बांधलेला येतो. त्याचे एक टोक बसविल्याखेरीज ती पट्टी कापू नये.

कडीच्या टोकाचे बोल्ट आरंभी हातानेच बसवावेत. चाक चढवून गाडी जमिनीवर उतरविल्यानंतरच ते पक्के आवळावेत. प्रस्तुत लेखकाने पहिल्या खेपेस ते गाडी अधांतरी असतानाच करकचून आवळले होते. गाडी खाली येताच रबरी बुश पिळले गेले आणि दोन महिन्यांत फाटून पुन्हा तोच खडखडाट सुरू झाला. किती आवळावे हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. मोजपट्टीचा पान्हा जवळ नसल्यास गॅरेजमध्ये जाऊन तेवढे पाहून घ्यावे.

सुटे चाक बसविताना नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. ब्रेकची रबरी नळी पिळलेली नाही व स्टिअरिंग दोन्ही टोकांस फिरविले असता ती कोठे घासत नाही, हे पाहूनच गाडी रस्त्यावर न्यावी. पहिली फेरी रिकाम्या गाडीने, कमी वेगाने, ओळखीच्या रस्त्यावर घ्यावी. सुमारे पन्नास किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट व शंभर किलोमीटरनंतर धक्काशोषकाचे बोल्ट पुन्हा तपासावेत. जुन्या नळ्या भंगारात देताना कापू अगर भोसकू नयेत, व त्यांतून गळणारे तेल विहिरीच्या किंवा नाल्याच्या काठी सांडू न देता बंद डब्यात ठेवावे.