गोबरगॅसमधला कुजका वास आणि कोळशाचा डबा

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं: गॅसवर जनरेटर चालवतो, पण इंजिन टिकत नाही, काय करायचं? माझ्या मामाचंही हेच झालं होतं. वर्षभरात ऑइल काळं डांबर झालं, आणि इंजिन उघडलं तर बेअरिंगं खाल्लेली.

चोर म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याच्या वासाचा वायू. इंजिनात तो जळला की सल्फर डायऑक्साइड होतो, पाण्याच्या वाफेशी मिळून आम्ल बनतं आणि ते ऑइलमध्ये उतरतं. माणसाला तर जास्तच धोका. 100 पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं, म्हणजे वास गेला म्हणून गॅस गेला असं समजून टाकीत वाकायचं नाही. हे दोनदा ऐका.

मामानं पाण्याच्या फिल्टरमधला नारळाच्या करवंटीचा कोळसा डब्यात भरला. चार दिवसांत बाद! साधा कोळसा वायूला नुसता छिद्रांत धरून ठेवतो, आणि थोडाच धरतो. त्याच कोळशाला पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा लेप दिला की गोष्ट बदलते. छिद्रांतल्या ओलाव्यात हा आम्लधर्मी वायू विरघळतो, तिथे ऑक्सिजन मिळाला की त्याचा घन गंधक होऊन आतच बसतो. म्हणून गॅस अगदी कोरडा करून पाठवू नका, थोडी दमट हवी. पण डब्यात पाणी साचलं तर छिद्रं बुजतात. पोटॅशियम आयोडाइडचा लेपही चालतो, तो उत्प्रेरकासारखा काम करतो.

आता ऑक्सिजन. दोन रेणू वायूला एक रेणू ऑक्सिजन लागतो. गॅसमध्ये 2000 पीपीएम असेल तर हिशेबानं साधारण अर्धा टक्का हवा पुरे, प्रत्यक्षात थोडी जास्त सोडतात. पण अंदाजपंचे पंप लावू नका हो! हवेत 5 ते 15 टक्के मिथेन असलं की स्फोटक मिश्रण होतं. शिवाय ही क्रिया उष्णता सोडते, आणि अल्कलीचा लेप असलेला कोळसा साध्यापेक्षा कमी तापमानाला पेट घेतो. डब्याला हात लावून बघायची सवय ठेवा.

किती दिवस टिकेल? रोज 100 घनमीटर गॅस, 2000 पीपीएम, म्हणजे दिवसाला पाव किलोच्या वर गंधक. कोळसा वजनाच्या 20 टक्के गंधक धरतो असं मानलं, तर 50 किलो पाच-साडेपाच आठवडे जाईल. गॅसमधलं प्रमाण फारच जास्त असेल, तर आधी लोखंडाच्या गंजाचा थर लावा आणि कोळसा शेवटच्या सफाईला ठेवा. नाहीतर खिसा रिकामा होईल.

मामाकडे आता दोन डबे एकामागे एक आहेत. मधल्या नळीत लेड अॅसिटेटची पट्टी असते. ती काळी पडली की पहिला डबा काढायचा, दुसऱ्याला पुढे आणायचं, आणि नवा मागे लावायचा. काढलेला कोळसा लगेच उघड्यावर ढिगात टाकत नाही, आधी पाणी मारून थंड करतो.