बाळंतपणाचा व्हिसा आणि कोस्टारिका

माझ्या वयाच्या कितीतरी बायकांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा असतो. बहुतेक वेळा तो लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणासाठी काढलेला. डिंकाचे लाडू आणि बाळाची दुपटी घेऊन एकदा, फार तर दोनदा जाऊन आलं की पासपोर्ट कपाटात जातो. याच व्हिसावर मध्य अमेरिकेतल्या कोस्टारिकात जाता येतं, हे आम्हाला ताईच्या लेकीनं सांगितलं. एरवी भारतीयांना तिथला वेगळा व्हिसा लागतो. पण अमेरिकेचा, पुन्हा पुन्हा प्रवेश देणारा आणि मुदतीतला व्हिसा असेल तर तो चालतो. (असे नियम बदलतात. तिकिटं काढण्याआधी त्यांच्या दिल्लीतल्या वकिलातीत विचारून घ्या.)

देश चिमुकला, महाराष्ट्राच्या साधारण सहाव्या भागाएवढा. पण एका बाजूला पॅसिफिक, दुसऱ्या बाजूला कॅरिबियन समुद्र आणि मध्ये ज्वालामुखींची रांग. १९४८ साली त्यांनी सैन्यच मोडीत काढलं. ‘तिकडे सारखी बंडं होतात ना?’ असं विचारणाऱ्या माझ्या दिरांना मी हे ऐकवलं तेव्हा ते गप्प झाले.

भाची टेक्सासमध्ये राहते. मुलाला नवऱ्याकडे सोपवून ती आमच्याबरोबर येणार. तिनं आखलेला पहिला बेत म्हणजे कोर्कोवादोचं जंगल! दमट उष्णतेत, चिखलातून दिवसदिवस चालायचं. २०१४ पासून तिथे गाईडशिवाय सोडतच नाहीत. मग पाकुआरे नदीत राफ्टिंग. ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘छान आहे गं. तुम्ही दोघी जंगलात जा, मी हॉटेलवर बसेन. पोथी घेऊन येईन हवं तर.’’

ताई ६३ वर्षांची आहे. उजवा गुडघा दुखरा, रक्तदाबाची गोळी रोजची. तिचं हे ‘तुम्ही जा’ मी लहानपणापासून ऐकत आले आहे. सहलीला, सिनेमाला, सगळीकडे. या वेळी मी ते ऐकणार नव्हते. तेरा हजार किलोमीटरहून लांब जाऊन तिनं खोलीत पोथी वाचायची असेल, तर ती घरीच वाचलेली काय वाईट?

तेव्हा बेत उलटा करायला घेतला. आधी ताईला विचारलं, तुला काय बघायचंय? ती पटकन म्हणाली, ‘‘कासवं.’’ वेळासला एकदा पहाटे तिनं समुद्राकडे जाणारी इवलाली पिल्लं पाहिली होती. अंडी घालायला येणारी मादी मात्र कधी पाहिली नव्हती.

कोस्टारिकाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर तोर्तुगेरो नावाचं गाव आहे. तिथे रस्ताच जात नाही. होडीनं नाहीतर छोट्या विमानानं पोचायचं. जुलै ते ऑक्टोबर या काळात तिथे हिरवी समुद्री कासवं रात्री वाळूत अंडी घालायला येतात. परवानाधारक गाईडबरोबरच जायचं, कॅमेरा न्यायचा नाही. दिवसा होडीत बसून कालव्यांमधून फिरायचं. माकडं, मगरी, स्लॉथ दिसतात. गुडघ्याला काही त्रास नाही.

पण मग महिन्याचा प्रश्न आला. प्रवासी कंपन्या डिसेंबर ते एप्रिलच सुचवतात, कारण तेव्हा पॅसिफिकच्या बाजूला कोरडं असतं. तेव्हा ही कासवं नसतात. कॅरिबियन बाजूचं गणित वेगळं. तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस त्यातल्या त्यात कमी. म्हणजे गणपती उठल्यानंतर आणि घट बसायच्या आत. त्या पंधरवड्यात लग्नं नाहीत, मुंजी नाहीत, आम्हा बायकांना मागणी कमी. ‘पितृपक्षात कुठे निघालात?’ असं शेजारच्या काकूंनी विचारलंच. ताई म्हणाली, ‘‘भावजींच्या तिथीला स्वयंपाक करून निघणार आहे, काळजी करू नका.’’

कोर्कोवादो त्यामुळे गेलं. पॅसिफिकच्या बाजूला तेव्हा धो-धो पाऊस. भाची दोन दिवस फोनवर तुटक बोलत होती. तिचं वाईट वाटलं, पण तिचे गुडघे अजून ३० वर्षं टिकणार आहेत.

तिच्यासाठी दुसरा मुक्काम आरेनाल ज्वालामुखीच्या पायथ्याच्या ला फोर्तुना गावी ठेवला. १९६८ मध्ये हा डोंगर फुटला आणि २०१० पर्यंत धगधगत होता. आता शांत आहे. या गावाची गंमत अशी, की एकाच सकाळी भाची बाल्सा नदीत राफ्टिंगला जाऊ शकते आणि ताई पेन्यास ब्लांकास नदीत संथ तराफ्यातून पक्षी बघत फिरू शकते. दुपारी पावसाच्या आत दोघी परत. मी कुणाबरोबर जायचं ते अजून ठरलेलं नाही. दोघींनाही मी आपल्याकडे हवी आहे.

विम्याचं मात्र नीट वाचा, बायांनो. प्रवासविमा काढला म्हणजे राफ्टिंग आणि झिपलाइन त्यात आलंच असं नाही. आधीपासूनचा रक्तदाबही लपवायचा नाही. आम्ही दोन पॉलिसी परत केल्या, तिसरी घेतली. डेंग्यू तिथेही आहे, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे. जेवणाची चिंता ताईला होती. पण भात आणि काळ्या राजम्याचा ‘गायो पिंतो’ तिथे सकाळच्या न्याहारीलाच असतो. फक्त चरबी घातली आहे का, ते विचारायचं. त्यासाठी भाचीनं आम्हाला स्पॅनिश वाक्य पाठ करायला दिलंय.

एकच गोष्ट अडली आहे. ला फोर्तुनाचा धबधबा ७० मीटर उंच, आणि त्याच्या तळाशी जायला जवळजवळ ५०० पायऱ्या. मी ते यादीतून काढणार होते. ताईनं काढू दिलं नाही. ‘‘पर्वतीला १०३ आहेत,’’ ती म्हणाली, ‘‘म्हणजे पाच पर्वत्या.’’ डॉक्टरांनी हो म्हटलंय, पण उतरताना काठी आणि गुडघ्याला पट्टा. गेल्या महिन्यापासून ती रोज सकाळी पर्वतीला जाते. काल दोन वेळा चढली-उतरली आणि घरी येऊन गुडघ्याला शेक देत बसली होती. तिसरी फेरी दसऱ्याच्या आत जमवायची की गणपतीच्या, यावर आमचा वाद चालू आहे.